संकेतस्थळाचे कारागीर आणि त्यांच्या श्रमाचे मोल

प्रवेशाचे दिवस आले की तालुक्याच्या गावातील सायबर कॅफेसमोर विद्यार्थ्यांची आणि पालकांची रांग लागते. अर्जाचे अकरा रकाने भरून झालेले असतात. बाराव्या रकान्यात दाखल्याची प्रत जोडायची असते. ती 'फार मोठी आहे' असे पडदा सांगतो; पण केवढी चालेल, हे सांगत नाही. प्रत लहान करून आणावी तोवर मुदत संपल्याची सूचना येते आणि आधी भरलेले अकरा रकाने कोरे होऊन बसतात. कॅफेच्या चालकाला यात नवल वाटत नाही. पालक मुलाला बोल लावतात, मुलगा यंत्राला, आणि दुसऱ्या दिवशी महाविद्यालयाच्या खिडकीपाशी या सगळ्याचे खापर तेथील लिपिकाच्या माथी फुटते. या प्रसंगात एका माणसाची आठवण मात्र कोणालाच होत नाही. तो माणूस म्हणजे ते पान रचणारा, अथवा ज्याच्याकडून ते नीट रचून घ्यावयास हवे होते, तो संकेतस्थळाचा रचनाकार. लोकांच्या बोलण्यातला 'वेब डिझायनर'.

हा व्यवसाय आता नवा राहिलेला नाही. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत जगातील पहिले संकेतस्थळ १९९१ साली सुरू केले आणि १९९३ साली त्या संस्थेने हे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. भारतात सर्वसामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमच्या मार्फत. म्हणजे तीन दशकांचा काळ लोटला. एवढ्या काळात वकील, डॉक्टर, सनदी लेखापाल यांच्याप्रमाणे या व्यवसायालाही काही ठरलेली चाकोरी, काही दर, काही प्रतिष्ठा लाभावयास हवी होती. ती लाभलेली नाही. पुण्या-मुंबईपासून लातूर-जळगावपर्यंत हजारो तरुण आज या कामावर पोट भरतात. आणि तरीही घरातील वडीलधाऱ्यांना आपला मुलगा नेमके काय करतो, हे शेजाऱ्याला सांगता येत नाही. 'कॉम्प्युटरवर काहीतरी करतो' एवढ्यावर ते उत्तर संपते.

काम म्हणजे नेमके काय?

समज असा आहे की चित्रे काढणे आणि रंग भरणे हे या माणसाचे काम. वस्तुतः तो त्याच्या कामाचा सर्वांत सोपा भाग होय. खरे काम आहे ते क्रम लावण्याचे. एखाद्या रुग्णालयाच्या संकेतस्थळावर येणारा माणूस संचालकांचे मनोगत वाचावयास आलेला नसतो. त्याला बाह्यरुग्ण विभागाची वेळ आणि दूरध्वनीचा क्रमांक हवा असतो. ग्राहकाला मात्र मनोगत वर हवे असते, तेही छायाचित्रासह. या दोहोंमध्ये उभे राहून, ग्राहकाचा मान राखून, वाचकाची सोय साधणे हे रचनाकाराचे कौशल्य. शिवाय हे पान एकाच आकाराच्या कागदावर छापले जात नाही. कचेरीतील रुंद पडदा, शिक्षकाच्या घरचा जुना संगणक आणि विद्यार्थ्याच्या हातातील तडा गेलेला स्वस्त फोन या सर्वांवर ते नीट दिसावे लागते. पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी आपोआप बदलण्याची रीत ईथन मार्कॉट यांनी २०१० साली एका लेखात मांडली, आणि तेव्हापासून एक पान रचणे म्हणजे प्रत्यक्षात एका पानाची अनेक रूपे रचणे झाले. मोबदला मात्र एकाच पानाचा राहिला.

मराठी पान रचणाऱ्याच्या वाट्याला याहून वेगळ्या अडचणी येतात. ग्राहकाकडून मजकूर येतो तो बहुधा डीटीपीच्या जुन्या अक्षरसंचातला. त्या अक्षरसंचांत मराठी अक्षरे रोमन चिन्हांच्या जागी बसविलेली असत; त्यामुळे तो मजकूर उचलून पानावर ठेवला की त्याची निरर्थक चिन्हे होतात. तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, आणि बदलताना जोडाक्षरे व ऱ्हस्व-दीर्घ बिघडतात ते डोळ्यांनी तपासावे लागतात. देवनागरीला वर वेलांटी आणि रफार, खाली उकार. म्हणून इंग्रजीसाठी पुरेसे असलेले दोन ओळींमधील अंतर मराठीला अपुरे पडते. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील र वेगळे आहेत आणि त्यांच्या चुकीने अर्थ पालटतो. ल आणि श यांचे मराठी वळण हिंदीहून भिन्न आहे. पानाची भाषा मराठी आहे अशी एक छोटी खूण पानाच्या आतील सूचनांमध्ये केली, आणि अक्षरसंचात तशी सोय असली, तर मराठी वळणाची अक्षरे उमटतात. तीच खूण अंध वाचकाला मजकूर वाचून दाखविणाऱ्या यंत्रणेलाही सांगते की, हा मजकूर मराठी उच्चारांनी वाचावयाचा आहे. ही खूण करण्यास एक मिनिट पुरते. ती करावयाची असते हे माहीत होण्यास मात्र वर्षे लागतात. ज्ञानाचे मोल मिनिटांनी मोजले की काय होते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

या क्षेत्रात मराठी नगरांचे ऋण थोडेथोडके नाही. विंडोज प्रणालीबरोबर घरोघरी पोहोचलेला 'मंगल' हा देवनागरी अक्षरसंच रचला तो मुंबईच्या प्रा. र. कृ. जोशी यांनी, 'मुक्त' आणि 'बलू' हे विनामूल्य अक्षरसंच मुंबईच्याच 'एक टाइप' या मंडळींचे. भारतीय भाषा संगणकावर आणण्याचे पायाभूत काम करणाऱ्या प्रगत संगणन विकास केंद्राचे, म्हणजे सी-डॅकचे, मुख्यालय पुण्यात आहे. तेव्हा हा धंदा परक्यांचा आणि आपण केवळ त्याचे मजूर, असे मानण्याचे कारण नाही.

दिवसाचा हिशेब

स्वतंत्रपणे काम करणाऱ्या रचनाकाराचा दिवस कसा जातो? सकाळी फोनवर ग्राहकाचे तीन निरोप आलेले असतात. पहिला, बोधचिन्ह थोडे मोठे करा. दुसरा, काल मोठे केलेले अक्षर पुन्हा लहान करा. तिसरा, भाच्याला रंग आवडला नाही. छायाचित्रे व्हॉट्सॲपवरून येतात आणि येता येता त्यांचा तजेला हरवलेला असतो. मजकूर 'दोन दिवसांत देतो' म्हणून सांगितलेला असतो. त्या बोलाला महिना होऊन जातो. दुपारी दुसऱ्या ग्राहकाचे संकेतस्थळ बंद पडल्याची तक्रार येते. शोध घेता कळते की नावाचे वार्षिक शुल्क त्याने भरलेलेच नाही. स्मरणपत्रे येत होती, ती कोणी उघडली नव्हती. दोष अर्थातच रचनाकाराचा ठरतो. अमेरिकेतील ग्राहक असेल तर त्याची सकाळ ही इकडची संध्याकाळ, आणि त्याच्या दुपारच्या बैठकीसाठी इकडे मध्यरात्री जागावे लागते. पाठ, मान आणि डोळे यांची दुखणी तिशीतच दाराशी येतात.

आता याच दिवसांचा अर्थशास्त्रीय हिशेब मांडून पाहणे उद्बोधक ठरेल. उदाहरणादाखल असे धरू की, एका लहान संस्थेच्या संकेतस्थळासाठी पंचवीस हजार रुपये ठरले आणि रचनाकाराने त्याला ८० तास लागतील असा अंदाज केला. ताशी मोबदला पडतो ३१२ रुपये, वाईट नाही. परंतु त्यात १५ तास बैठकींचे, ४५ तास न ठरलेल्या दुरुस्त्यांचे आणि १० तास पैशांच्या तगाद्याचे मिळविले की एकूण १५० तास होतात. वीज, इंटरनेट, सॉफ्टवेअरचे भाडे आणि संगणकाची झीज यांचे पाच हजार वजा केले की हाती राहतात वीस हजार, म्हणजे तासाला १३३ रुपये. त्यातली निम्मी रक्कम सहा महिन्यांनी हाती आली, तर मधल्या काळातील घरभाडे ज्या उसनवारीवर निभावले तिचे व्याज आणखी वेगळे. आकडे मानलेले आहेत. पण त्यांच्यातील घसरण या व्यवसायात पडलेल्या कोणालाही ओळखीची वाटेल. ठरलेला दर आणि पडलेला दर यांतील ही तफावत म्हणजेच अदृश्य श्रम होय. गृहिणीच्या कामाप्रमाणे तो कोणत्याही पावतीवर येत नाही.

असे का घडते? एक कारण असे की, खरेदीदाराला मालाची पारख नाही. जेथे पारख नसते तेथे किंमत हीच एकमेव कसोटी उरते, आणि स्वस्ताईच्या स्पर्धेत चांगला कारागीर प्रथम बाजूला पडतो. निविदा मागविणाऱ्या संस्था सर्वांत कमी दराला काम देतात आणि मग पुढची पाच वर्षे ते काम दुरुस्त करण्यात घालवितात. दुसरे कारण अधिक खोल आहे. रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९३७ साली असा प्रश्न केला होता की, बाजारात सर्व काही विकत मिळत असताना व्यवसायसंस्था मुळात निर्माणच का होतात? त्यांचे उत्तर असे की, प्रत्येक व्यवहारासाठी माणूस शोधणे, भाव ठरविणे, करार करणे, तो पाळला जातो की नाही हे पाहणे, यांना खर्च येतो. संस्था तो खर्च वाचविते. संगणकाच्या जाळ्याने हा खर्च कमी झाला असे मानले जाते. अर्धे सत्य असे की, तो बराचसा केवळ खांदा बदलून बसला. पूर्वी ग्राहक मिळविणे, हिशेब ठेवणे, वसुली करणे ही कामे कंपनीचे निरनिराळे विभाग करीत. आता ती सगळी एकटा रचनाकार करतो, आणि त्यांचे वेतन कोणी देत नाही.

पायाखालची जमीन

या व्यवसायाचे आणखी एक वैशिष्ट्य असे की येथे विद्या लवकर शिळी होते. नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात पाने तक्त्यांच्या चौकटीत बसवीत. ती रीत मोडीत निघाली. पुढे फ्लॅश या तंत्रावर अनेकांनी उमेदीची वर्षे घालविली. ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबी कंपनीने त्याचा आधारच काढून घेतला. सुताराचा रंधा बापाकडून मुलाकडे जातो; येथे दहा वर्षांपूर्वीचे हत्यार त्याच माणसाच्याही उपयोगी पडत नाही. नोकरीतल्या शिक्षकाला उजळणी वर्गासाठी पगारी रजा मिळते; स्वतंत्र रचनाकाराला नवे तंत्र शिकण्यासाठी स्वतःच्या कमाईचे दिवस मोडावे लागतात.

अशात नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी अवतरले, आणि आता चार वाक्यांत वर्णन केले की सबंध पान उभे करून देणारी साधने हाताशी आली आहेत. 'हा धंदा बुडाला' असे म्हणणारे आणि 'काही फरक पडत नाही' असे म्हणणारे, दोघेही घाई करीत आहेत. यंत्राने स्वस्त झाली ती रेखणी. निवड स्वस्त झालेली नाही. रुग्णालयाच्या पानावर वर काय असावे हे यंत्र सुचवू शकेल, पण संचालकांना ते पटवून देणे आणि त्याची जबाबदारी घेणे हे माणसाकडेच राहते. खरा धोका निराळ्या ठिकाणी आहे. ज्या लहानसहान कामांवर नवशिका हात बसवीत असे, म्हणजे दुकानाचे चार पानी संकेतस्थळ किंवा लग्नाची आमंत्रणपत्रिका, तीच कामे यंत्र प्रथम गिळंकृत करते. शिडीच्या खालच्या पायऱ्या काढून घेतल्या तर दहा वर्षांनी वरच्या पायरीवर कोण उभा असेल, हा प्रश्न आज कोणी विचारीत नाही.

कायदा आहे, वापर नाही

रचनाकाराला कायद्याचे कवच मुळीच नाही, असे मात्र नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ हा सेवा पुरविणाऱ्यालाही लागू आहे. एकट्याने काम करणारा रचनाकार 'उद्यम' नोंदणी विनामूल्य करू शकतो. अशा नोंदलेल्या सूक्ष्म वा लघु उपक्रमाचे पैसे ठरल्या दिवशी, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत, देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. करारच नसेल तर १५ दिवसांत. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ होणारे व्याज द्यावे लागते, आणि दाद मागण्यासाठी राज्य शासनाने नेमलेल्या परिषदा आहेत. १ एप्रिल २०२४ पासून आयकराच्या तरतुदींनीही याला जोड दिली: मुदत उलटलेली अशी रक्कम प्रत्यक्ष चुकती केल्याशिवाय खरेदीदाराला ती खर्च म्हणून वजा करता येत नाही. तसेच, स्वतंत्र रचनाकाराने केलेल्या कामाचा स्वामित्वहक्क, लेखी हस्तांतर होईपर्यंत, प्रथमतः त्याच्याकडेच असतो. तो आपोआप ग्राहकाचा होत नाही.

मग हे हक्क वापरले का जात नाहीत? कारण काम मिळते ते ओळखीवर, आणि ओळखीच्या माणसाकडे लेखी करार मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, अशी आपली समजूत. 'आपल्याच घरचे काम आहे' हे वाक्य उच्चारले गेले की भाव निम्मा होतो आणि मुदत दुप्पट. शिवाय परिषदेकडे गेलेला रचनाकार तो ग्राहक गमावतो, आणि लहान गावात त्याच्याबरोबर आणखी चार ग्राहक गमावतो. दुर्बळाच्या हाती दिलेला हक्क एकट्याने वापरता येत नाही. तो वापरण्यासाठी संघटना लागते. गिरणी कामगारांच्या मुंबईला हे निराळे सांगावयास नको. पण गिरणीच्या दारात हजार माणसे एकत्र जमत. येथे प्रत्येक जण आपापल्या खोलीत एकटा बसलेला आहे. नीती आयोगाच्या २०२२ सालच्या अहवालाने, २०२०-२१ मध्ये देशात सुमारे ७७ लाख असलेली 'गिग' कामगारांची संख्या २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज केला. चर्चा होते ती त्यांतील दुचाकीवरून जेवण पोहोचविणाऱ्यांची, आणि ती व्हावयासही हवी. पण संगणकासमोर बसलेला पदवीधरही भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, आजारपणाची रजा यांच्या बाबतीत त्यांच्याच पंक्तीला बसतो. गृहकर्जासाठी बँकेत गेला की त्याला हे उमगते. पगाराची चिठ्ठी नसलेल्या माणसाच्या उत्पन्नावर बँकेचा विश्वास सहजासहजी बसत नाही.

प्रश्न केवळ त्यांचा नाही

हा प्रश्न एका व्यवसायापुरता असता तर वर्तमानपत्राच्या या पानावर त्याला एवढी जागा देण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु आज शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन, सातबारा, परीक्षेचा निकाल, सगळे पडद्यातून मिळते. खिडकी उंच बांधली तर बुटक्या माणसाला तिकीट मिळत नाही. पान वाईट रचले तर तसेच घडते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात दृष्टीचे अपंगत्व असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाखांहून अधिक होती. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात उजेडाचे प्रमाण किमान ४.५ ला १ असावे, चित्रांना शब्दांत वर्णन असावे, असे आंतरराष्ट्रीय निकष अनेक वर्षांपासून आहेत. शासकीय संकेतस्थळांसाठी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वेही २००९ पासून आहेत. तरी 'वेबएम' या अमेरिकी संस्थेने २०२५ साली जगातील दहा लाख मुखपृष्ठे तपासली तेव्हा त्यांतील ९४.८ टक्के पानांत या निकषांचा भंग आढळला. ३० एप्रिल २०२५ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असा निर्वाळा दिला. हक्क न्यायालयाने सांगितला. तो प्रत्यक्षात उतरवावयाचा आहे रचनाकाराने, आणि त्याचा मोबदला आपण सर्वांत कमी दराच्या निविदेवर ठरविणार!

उपाय फार दुर्मीळ आहेत असे नाही. सार्वजनिक संस्थांनी निविदेत किमतीबरोबर गुणवत्तेला गुण द्यावेत आणि काम स्वीकारण्यापूर्वी ते अंध, वृद्ध आणि स्वस्त फोन वापरणाऱ्या माणसांकडून तपासून घ्यावे. दुरुस्त्या किती, मजकूर कोणी व केव्हा द्यावयाचा, पैसे किती हप्त्यांत, हे एका पानाच्या लेखी करारात असावे. एक तृतीयांश रक्कम आगाऊ घेणे हा अपमान नव्हे, घर बांधणारा गवंडीही ती घेतो. रचनाकारांनी जिल्ह्याजिल्ह्यांत सहकारी मंडळे काढावीत; वसुली, कायदेशीर सल्ला आणि आरोग्य विमा या तीन गोष्टी एकट्यापेक्षा पन्नास जणांना स्वस्त पडतात. सहकाराचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्राला साखरेपलीकडे त्याचा उपयोग करता येऊ नये, हे नवल आहे. आणि महाविद्यालयांनी संगणकाच्या अभ्यासक्रमात भाव कसा सांगावा, पावती कशी करावी, करार कसा वाचावा यांसाठी चार तास तरी राखून ठेवावेत. तंत्र विद्यार्थी कोठेही शिकतात. हे त्यांना कोणी शिकवीत नाही.

तालुक्याच्या गावातील त्या रांगेत उभा असलेला मुलगा उद्या कदाचित याच व्यवसायात शिरेल. बाराव्या रकान्यावर आपले काय झाले होते हे त्याला आठवत असेल, तर तो पहिल्याच पानावर लिहील: कोणते कागद लागतील, प्रत केवढी चालेल, आणि मध्येच उठावे लागले तरी भरलेले पुसले जाणार नाही. एवढे करण्यासाठी त्याला दोन दिवस अधिक लागतील. त्या दोन दिवसांचे पैसे देण्याची आपली तयारी आहे की नाही, यावर पुढच्या रांगेची लांबी अवलंबून राहील.